ट्रॅपखालचा पाया वाचताना: ग्रॅव्हिटी-मॅग्नेटिकमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

दख्खनच्या ट्रॅपखालचा, म्हणजे बेसाल्ट लाव्हाच्या थरांखालचा, प्राचीन खडकांचा पाया गुरुत्वाकर्षणातले (ग्रॅव्हिटी) आणि चुंबकीय क्षेत्रातले (मॅग्नेटिक) फरक मोजून शोधण्याच्या कामात कुणी नवीन आलं की मी आधी एक गणित सोडवायला देते. बेसाल्टची घनता 2.9 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरा, खालच्या ग्रॅनाइट-नाइसची 2.65. एका जागी ट्रॅप शेजारपेक्षा 300 मीटरने जाड आहे. ग्रॅव्हिटीत किती फरक पडेल? 0.0419 गुणिले घनतेतला फरक गुणिले मीटरमधली जाडी. उत्तर जेमतेम 3 मिलिगल (ग्रॅव्हिटीतले बारीक फरक मोजायचं एकक), आणि तेही अधिक चिन्हाचं! गाळाच्या खोऱ्यात पाया खोल गेला की ग्रॅव्हिटी उतरते, अभ्यासक्रमात आपण तीच उदाहरणं सोडवलेली असतात. इथे वरचं झाकणच खालच्या खडकापेक्षा जड, त्यामुळे पाया खोल गेला की ग्रॅव्हिटी चढते.

आता पायात धारवाडी शिस्टचा, म्हणजे ग्रॅनाइट-नाइसपेक्षा जड अशा प्राचीन खडकाचा, पट्टा आहे असं समजा. घनतेतला फरक 0.2 आणि पट्ट्याची जाडी 3 किलोमीटर घेतली, तर हेच सूत्र 25 मिलिगल देतं. पट्टा अरुंद असला तर आकडा बराच उतरेल, पण ट्रॅपच्या जाडीचे 3 मिलिगल त्याच्यापुढे सहज झाकले जातात. म्हणून बूगेर नकाशावर (उंची आणि मधल्या खडकाचा परिणाम वजा करून काढलेल्या ग्रॅव्हिटीच्या नकाशावर) चढ दिसला की 'इथे ट्रॅप जाड' असं लगेच लिहून टाकू नका. बहुतेक वेळा पाया किती खोल आहे यापेक्षा तो कशाचा बनलाय हेच तुम्हाला दिसत असतं. माझ्या मते या कामातली खरी मजा हीच आहे.

एकाच आकड्यांतून अनेक मॉडेलं निघतात, त्यामुळे बोअरहोलचा आधार सोडायचा नाही. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या बोअरमध्ये 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली 8 मीटर गाळ आणि मग पाया लागला. कोयना परिसरात हाच पाया 900 मीटरच्याही खाली गेलाय. मॉडेल आधी अशा ठिकाणी जुळलं पाहिजे, मग पुढे सरकायचं.

मॅग्नेटिकचं दुखणं वेगळं. बेसाल्ट स्वतःच चुंबकीय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हे प्रवाह थिजले तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आणि बऱ्याच प्रवाहांच्या वेळी पृथ्वीचं क्षेत्रही उलटं होतं. ती जुनी दिशा खडकात अजून टिकून आहे. नुसती ससेप्टिबिलिटी (आजच्या क्षेत्रात खडक किती चुंबकित होतो ते माप) घालून केलेलं मॉडेल म्हणूनच फसतं. दिशा नोंदवून आणलेले नमुने मोजून घ्या. शिवाय आपल्याकडे चुंबकीय क्षेत्राचा आडव्याशी कल कमी, त्यामुळे 'रिडक्शन टू पोल' (मोजणी जणू चुंबकीय ध्रुवावर केली असं रूपांतर) केलं की नकाशावर उत्तर-दक्षिण खोटे पट्टे उमटू शकतात. ते भ्रंश समजून नकाशात घालू नका. अपवर्ड कंटिन्युएशनने (मोजणी जणू आणखी उंचावरून केली असं गणित) ट्रॅपचा गोंगाट दबतो, पण त्याबरोबर पायाचे बारकावेही पुसट होतात.

फील्डमध्ये सगळ्यात जास्त जीव उंचीवर लावा. बूगेर दुरुस्तीसकट धरलं तर उंचीच्या मीटरमागे साधारण 0.2 मिलिगल बदलतात. मोबाइलच्या जीपीएसने उंची 5 मीटरने चुकवली की 1 मिलिगल गेला, म्हणजे वरच्या 3 मधला तिसरा हिस्सा. डीजीपीएस (बेस स्टेशनच्या मदतीने जास्त अचूक उंची देणारा जीपीएस) हवाच. ग्रॅव्हिमीटरचा ड्रिफ्ट (वेळेनुसार वाचन हळूहळू सरकणं) काढायला ठरावीक वेळाने बेसवर परतायचं. मॅग्नेटिकला बेस स्टेशन दिवसभर चालू ठेवायचं, आणि चुंबकीय वादळ असेल त्या दिवशी सर्व्हे बंद.

शिक्षणाचं म्हणाल तर भूभौतिकशास्त्रात एमएस्सी, मग गेट किंवा यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा, हा रुळलेला रस्ता. पायथन मात्र आतापासूनच शिका. ग्रॅव्हिटी-मॅग्नेटिकची गणितं करणारी हार्मोनिका आणि सिमपेग ही पायथन पॅकेजं दोन्ही मोफत आहेत.

पहिला प्रकल्प ट्रॅपच्या दक्षिण कडेवर घ्या. तिथे धारवाडी पट्टे उघड्यावर दिसतात आणि पुढे उत्तरेला बेसाल्टखाली जातात. जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) भूकोश पोर्टलवर भूशास्त्रीय नकाशा मिळतो. त्यावर एक पट्टा निवडा, उघड्या भागात त्याची ग्रॅव्हिटी कशी दिसते ते टिपा, आणि तीच खूण ट्रॅपखाली कुठवर ओळखू येते ते प्रोफाइलमागून प्रोफाइल (पट्ट्याला आडव्या रेषेवरच्या मोजणीचा आलेख) काढत बघा.