पहाटे बूट न होणारा लिनक्स बोर्ड

तासगावच्या द्राक्षबागेत ठिबकसाठी बसवलेला, स्वतः डिझाइन केलेला लिनक्स बोर्ड दुपारी नीट बूट होतो आणि डिसेंबरच्या पहाटे ‘स्टार्टिंग कर्नल’ (लिनक्सचा गाभा सुरू होतोय) या संदेशावर गप्प बसतो. अशा वेळी संशयित दोन: थंडी आणि रात्रभरात उतरलेली सोलर बॅटरी. बोर्ड तिथल्याच थंडीत ठेवा, फक्त बॅटरीऐवजी चांगला बेंच सप्लाय, म्हणजे स्थिर व्होल्टेज देणारं टेबलावरचं यंत्र, जोडा. चालला, तर दोष पॉवरचा. मल्टिमीटरवर भिस्त ठेवू नका. व्होल्टेजची एखाद्या मिलिसेकंदाची घसरण त्याला दिसतच नाही. त्याऐवजी ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र, प्रोसेसरच्या कोअर रेलवर (त्याच्या गाभ्याला वीज देणाऱ्या लाइनवर) लावा.

चांगल्या सप्लायवरही अडलाच तर यू-बूटमध्ये, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्ये, थांबा. कर्नल इमेज रॅममध्ये लोड करून सीआरसी३२ (डेटा जसाच्या तसा आहे का हे पडताळणारा आकडा) काढा, आणि हे पुन्हापुन्हा करा. आकडा बदलला तर गडबड रॅममध्ये किंवा मेमरी कार्डाच्या वाचनात. नव्याने लोड न करताच बदलला, तर रॅमच. मग डीडीआर टायमिंग, म्हणजे रॅमशी बोलण्याच्या वेळांची सेटिंग्ज, तपासा. ते बहुधा चिप कंपनीच्या नमुना (रेफरन्स) बोर्डावरून जसंच्या तसं उचललेलं असतं आणि आपल्या पीसीबीचे (सर्किट बोर्डाचे) ट्रॅक वेगळे असतात!

आकडा स्थिर असेल तर बूटआर्ग्जमध्ये (कर्नलला सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या पर्यायांत) ‘अर्लीकॉन’ घाला; मग कर्नलचे अगदी सुरुवातीचे संदेशही दिसतात. शेवटची ओळ क्लॉक किंवा रेग्युलेटरच्या आसपासची निघाली, तर डिव्हाइस ट्री, म्हणजे कर्नलला बोर्डावरच्या हार्डवेअरची माहिती देणारी फाइल, उघडा.