पोच घेतली का? आरोग्याचा निधी मागायला शिकवणाऱ्या नव्या मंडळींसाठी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचं शिक्षण, करून या कामात येणारी मुलंमुली हमखास विचारतात, "ताई, ॲडव्होकसीचं, म्हणजे लोकांना सरकारकडे मागणी लावून धरायला शिकवायचं, ट्रेनिंग देता म्हणजे नक्की करता काय?" पहिल्या वर्षी मलाही ते नीट ठाऊक नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात बचत गटाच्या बायकांना मी तीन तास राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा समजावला. केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40, पीआयपी म्हणजे वर्षाच्या खर्चाचा आराखडा, लेखाशीर्ष म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून येतो ते... फळाभर बाण काढले. मागच्या ओळीत एक आजी निवांत शेंगा सोलत होत्या. पूर्वेकडच्या गावांतल्या बऱ्याच जणी घरी कन्नड बोलणाऱ्या, त्यांच्या डोक्यावरून तर सगळंच गेलं.

पुढच्या वेळी फळा नेलाच नाही. गावच्या आरोग्य-पोषण समितीचं पासबुक मागवलं. या समितीला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळतो, म्हणजे कशावर खर्चायचा ते समितीने ठरवायचं. गाव दोन हजारांचं धरलं तर माणशी 5 रुपये, तेही वर्षाचे. एकजण म्हणाली, "ह्यात चहाबी येत न्हाई की!" खरं प्रशिक्षण त्या वाक्यापासून सुरू झालं. मग पासबुकात पैसे कधी आले, कशावर गेले, हे त्यांनीच विचारायला सुरुवात केली.

"प्रजनन आरोग्य" हा शब्द पहिल्या दिवशी काढू नका. पाळी, अंगावरून जाणं, तांबी (कॉपर-टी), पिशवी (गर्भाशय) या शब्दांनी बोला. आणि त्या वेळी सरपंचांना, ग्रामसेवकांना नम्रपणे बाहेर बसवा. ते नंतर लागतातच, पण त्यांच्यासमोर तांबीबद्दल कोणी तोंड उघडत नाही. आमच्याकडे असंच बोलता बोलता कळलं, की उपकेंद्रात तांबी बसवताना आडोसाच नसतो. खिडकीला पडदा नाही, दिवा अधू. सिस्टर चांगल्या, पण बायका जायच्या नाहीत.

बायकांची पहिली मागणी मात्र होती थेट दवाखान्याची. इथे मापं माहीत हवीत. सपाट भागात 5,000 लोकसंख्येला उपकेंद्र आणि 30,000 ला प्राथमिक आरोग्य केंद्र. जतसारख्या तालुक्यात लोक वाड्या-वस्त्यांवर विखुरलेले. नियम डोकी मोजतो, मैल नाही. त्यामुळे नवी इमारत मागितली की फाइल तिथेच बसते. गरोदर बाईला न्यायला 102 ची गाडी वेळेवर येते का, उपकेंद्रात पडदा-दिवा आहे का, असं मागितलं तर निदान उत्तर द्यावं लागतं.

माझी सगळ्यात मोठी चूक तारखेची. जानेवारीत जीप ठरवून आम्ही सांगलीला एका कार्यालयात निवेदन द्यायला गेलो. साहेबांनी चहा दिला, ऐकून घेतलं, मागणी रास्त आहे म्हणाले. "पण आराखडा वर गेला. पुढच्या वर्षी बघू." परत येताना लक्षात आलं, पोचसुद्धा घेतली नव्हती. तेव्हापासून आमच्या प्रशिक्षणात अर्धा तास नुसता पोच घेण्याचा असतो. दोन प्रती, शिक्का, आवक क्रमांक, तारीख. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. तीस दिवस मोजायचे.

पडद्या-दिव्याचं काम शेवटी गावातच झालं. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. बऱ्याच गावांत त्यातून शिलाई मशीन येतं आणि कपाटाशेजारी उभं राहतं. ग्रामसभेच्या आधीच्या महिला सभेत ठराव घ्या, तो इतिवृत्तात लिहिल्याशिवाय उठू नका. तिथे आवाज चढवणारी एक बाई हवीच, पण लिहिणारी तिच्याहून जास्त हवी. आपल्या या कामातल्या पगाराचं विचाराल तर थोडा, आणि प्रकल्प संपला की तोही संपतो. एसटीचे पास सांभाळून ठेवा.

एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. गावाचा विकास आराखडा 2 ऑक्टोबरपासून बनायला लागतो, आणि ऊसतोडीच्या टोळ्याही त्याच सुमाराला गाव सोडतात. पिशवीचं, पाळीचं दुखणं ज्यांना सगळ्यात जास्त, त्या बायका नेमक्या तेव्हा फडात. मी त्यांच्या मागण्या सप्टेंबरातच लिहून घ्यायला लागले. तरी एका वर्षी काही जणी सुटल्या, म्हणून रजिस्टर घेऊन वाळवा तालुक्यात त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांवर, गेले. चुलीच्या उजेडात यादी वाचून दाखवली. एकीने विचारलं, "पिशवीच्या तपासणीचं कुठं लिवलंय ह्यात?"

नव्हतं लिहिलेलं. ग्रामसभा तीन दिवसांवर होती. मी पेनाचं टोपण काढलं, तर म्हणाली, "थांबा, दुसऱ्या कोपीतल्या दोघींना हाक मारते. त्यांचंबी लिवा."