पाटे निवडताना उंचीला भुलू नका

एक चाक खडकावर चढताच दुसरं हवेत लटकत असेल, तर जुन्या ट्रकचे पाटे (लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) बहुधा फार ताठ आहेत. जास्त कमानीचा संच गाडी उंच करतो, चाक मोकळेपणाने वर-खाली हलू देईलच असं नाही. लांब, कमी कमानीचा आणि पातळ पाट्यांचा संच शोधा. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: ८ मिमीचा एक पाटा ६ मिमीच्या सुमारे २.४ पट ताठ! म्हणून तीन जाड पाट्यांपेक्षा सहा-सात पातळ बरे. घ्यायच्या आधी गाडीवरचं कायमचं वजन मात्र धरा. विंच (गाडी ओढून काढायचं यंत्र), जादा टाकी, सगळं.

आहे त्याच संचातले मधले पाटे काढून टाकणं हा खोटा स्वस्तपणा. मेन (सगळ्यात लांब) पाट्याचा आधार जातो, जोर लावताना तो इंग्रजी एससारखा वळतो आणि शेवटी तुटतो.

बसवताना यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) नवेच. शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच पूर्ण आवळा, नाहीतर रबरी बुश पिळून फाटतात. मग चाक पूर्ण लोंबवून बघा: ब्रेकची नळी ताणली जातेय का, शॉक ॲब्सॉर्बर त्याआधीच पूर्ण ताणला जातोय का?