पाच-सहा वर्षं टिकेल असा गेमिंग लॅपटॉप कसा निवडावा

गेमिंग लॅपटॉप लवकर जातो तो बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे आत साठणारी उष्णता आणि दुसरं म्हणजे खिळखिळी झालेली बिजागरी. दुकानात आपण मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचे आकडेच बघत बसतो. ठाणे-नवी मुंबईत वरून खाडीकाठची दमट हवा आहे आणि जागोजागी चाललेल्या बांधकामांची धूळ आहे. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी मशीन किती वर्षं चालेल ते बघा, गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) देईल ते मग.

पहिली पायरी: जुना खरंच बदलायला झालाय का?

खालचं झाकण काढून बघा, किंवा ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून उघडून घ्या. पंख्याच्या मागे तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची जाळी असते. दोन-तीन पावसाळे काढलेल्या लॅपटॉपमध्ये तिथे करड्या रंगाचा थर दिसतो. दमट हवेमुळे ही धूळ वाळलेल्या लगद्यासारखी घट्ट बसते आणि बाहेरून फुंकर मारून निघत नाही. जाळी साफ करून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे पोचवणारा लेप) बदलली की बरेच लॅपटॉप पुन्हा नीट चालू लागतात. त्यासाठी नवीन घ्यायची गरज नाही.

पण तुमचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा असेल, तर त्यावर आणखी खर्च करू नका. विंडोज 11 त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. जीटीएक्स 1050 किंवा 1060 ग्राफिक्स कार्ड असेल तर ते बनवणाऱ्या एनव्हीडियाने नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) त्याच महिन्यात थांबवले. आता फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात. आणि टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, वापरणंही थांबवा.

दुसरी पायरी: मॉडेलच्या आधी सर्व्हिस सेंटर

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड सहसा मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर, सोल्डर केलेलं (डाग देऊन कायमचं जोडलेलं) असतं. ते गेलं तर सहसा अख्खा बोर्ड बदलावा लागतो आणि वॉरंटी नसेल तर बिल छातीत धडकी भरवतं. म्हणून दोन-तीन ब्रँड मनात आले की त्यांचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तुमच्या घरापासून किती लांब आहे ते शोधा आणि शनिवारी सकाळी स्वतः तिथे जा. मदरबोर्ड मागवला तर किती दिवस लागतात, ते विचारा. तंत्रज्ञ घरी येण्याची सोय तुमच्या पिनकोडला आहे का, हेही विचारा. घोडबंदर रोडच्या पार टोकाला किंवा उलव्याला राहणाऱ्यांनी तर हे आधीच पक्कं करावं. रांगेत उभ्या असलेल्या दोघांशी बोललात तर जाहिरातीत नसलेली माहिती पाच मिनिटांत मिळते.

बहुतेक मॉडेलना एक वर्षाची वॉरंटी येते. ती तीन वर्षांची करून घ्या, पण कंपनीकडूनच. दुकानदाराचा स्वतःचा प्लॅन घेऊ नका. पडझड आणि पाणी सांडण्याचं संरक्षण वेगळं मिळतं आणि ते खरेदीनंतर ठरावीक मुदतीतच घेता येतं. लोकलच्या गर्दीतून रोज लॅपटॉप नेणाऱ्या विद्यार्थ्याने ते घ्यावंच.

तिसरी पायरी: आकडे कसे वाचायचे

ग्राफिक्स कार्डाच्या नावावरून सगळं कळत नाही. त्याला किती वॅट मिळतात हे पाहावं लागतं. आरटीएक्स 4060 लॅपटॉपमध्ये 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कुठल्याही मर्यादेवर बसवलेलं असू शकतं, आणि दोन टोकांमधला फरक गेममध्ये ठळक दिसतो. दुकानातल्या डेमो मशीनवर एनव्हीडिया कंट्रोल पॅनेल उघडा. त्यातल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कमाल पॉवरचा आकडा लिहिलेला असतो.

दुसरा आकडा व्हीरॅमचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा. 6 जीबी आता अपुरी पडते, 8 जीबीच्या खाली जाऊ नका. 2025 मध्ये आलेल्या लॅपटॉपमध्ये आरटीएक्स 5050, 5060 आणि 5070 या तिन्हींना 8 जीबीच मिळाली, 12 जीबी सुरू झाली ती 5070 टीआयपासून. त्यामुळे 5060 वरून 5070 वर जाण्यासाठी मोठी रक्कम मोजायची असेल, तर तेच पैसे वॉरंटी आणि चांगल्या स्क्रीनवर घालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

प्रोसेसरच्या बाबतीत एक खाचखळगा लक्षात ठेवा. रायझन 7 7435एचएस स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा दिसतो. गेमला तो ठीक आहे, पण त्यात हलक्या कामासाठीचं अंगचं ग्राफिक्स नाही. साधं वर्डमध्ये टाइप करतानाही मोठं कार्ड चालू राहतं, मग बॅटरी भराभर उतरते. कॉलेजात लेक्चरला न्यायचा असेल तर तो टाळा.

रॅम (लॅपटॉपची चालू कामाची मेमरी) 16 जीबी असावी आणि ती बसवायला दोन स्लॉट असावेत, बोर्डवर सोल्डर केलेली नसावी. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. त्यामुळे ‘नंतर वाढवू’ म्हणताना आजचा भाव विचारून घ्या. एसएसडीसाठी, म्हणजे फाइल आणि गेम साठवणाऱ्या ड्राइव्हसाठी, दुसरा स्लॉट असेल तर उत्तम.

चौथी पायरी: हात लावून बघा

ऑनलाइनच घेणार असलात तरी वाशीच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या शोरूममध्ये तेच मॉडेल हाताळून या. झाकण मधोमध धरून उघडा, मग एका कोपऱ्याला धरून हलकेच उघडा. कोपऱ्यातून उघडताना स्क्रीन पिळवटत असेल किंवा ‘कट्’ असा आवाज येत असेल तर ते मॉडेल सोडा. आत बिजागरीचे स्क्रू बहुतेक वेळा प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नटांत बसतात. बिजागरी गरजेपेक्षा कडक असेल तर वर्ष-दोन वर्षांत ते नट प्लास्टिकसकट उपटून येतात.

मग कीबोर्डच्या मध्यावर बोटाने दाबा. तो खाली दबत असेल तर बॉडी कच्ची आहे. गरम हवा कुठून बाहेर पडते तेही बघा. उजव्या बाजूने पडत असेल तर माऊसचा हात भाजून निघतो. खालच्या बाजूला पाय उंच हवेत आणि हवा आत यायला मोठी जाळी हवी. अगदी पातळ, दिसायला देखण्या मॉडेलपेक्षा मी जरा जाड मॉडेल घ्यायला सांगेन. पंख्यांना जागा मिळाली की तापमान आटोक्यात राहतं.

स्क्रीन किती रंग दाखवते याचं माप तिच्या माहितीत असतं. तिथे ‘45 टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर रंग फिके दिसणार. ‘100 टक्के एसआरजीबी’ शोधा.

पाचवी पायरी: पहिला आठवडा

जीएसटी बिल घ्या. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख तपासा. दसरा-दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतलात तरी हे चुकवू नका. मग बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी एखादा जड गेम सलग तासभर चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत अ‍ॅपवर तापमान बघा. प्रोसेसर सतत 95 अंशांच्या वर राहत असेल आणि फ्रेम घसरत असतील तर लगेच बदलून मागा.

घरी ठेवताना बॅटरीच्या चार्जिंगची मर्यादा कंपनीच्या अ‍ॅपमधून 80 टक्क्यांवर लावा. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर बहुधा सॉकेटला अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनकडून ते करून घ्या. पलंगावर, गादीवर ठेवून खेळू नका. बॅगेत टाकण्याआधी पूर्ण शटडाऊन करा. स्लीपमध्ये ठेवलेला लॅपटॉप मध्येच जागा होतो आणि बंद बॅगेत तापत राहतो. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पंखे साफ करून घ्या.

जुन्यातला एसएसडी काढून यूएसबीने जोडता येणाऱ्या साध्या केसमध्ये (डबीत) बसवला की बॅकअपला उपयोगी पडतो. उरलेला लॅपटॉप, विशेषतः फुगलेल्या बॅटरीचा, रद्दीवाल्याला देऊ नका. अशी बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेते. तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या. एक्स्चेंजमध्ये देणार असलात तर एसएसडी आधी स्वतःकडे काढून घ्या, किंवा निदान विंडोजमधल्या रिसेटने सगळा डेटा पुसून मगच द्या.