मोहिमेचं पुस्तक आधी मागून उघडा

ब्रिटिश दर्यावर्दी फ्रँकलिनच्या, दोन जहाजांसह बर्फात हरवलेल्या आर्क्टिक मोहिमेवरचं एक जाडजूड पुस्तक मी चार रात्री जागून संपवलं आणि चडफडत मिटलं. तेव्हापासून असं पुस्तक हाती आलं की आधी शेवटची सूची बघतो. ‘इनुइट’ (आर्क्टिकचे मूळ रहिवासी) या शब्दापुढे दोनच पानांचे आकडे असतील तर समजा, लेखक जहाजावरून खाली उतरलेलाच नाही. १८५४ मध्ये जॉन रे या शोधप्रवाशाला उपासमारीने मेलेल्या गोऱ्यांची हकीकत इनुइटांनीच सांगितली होती. माझ्या पुस्तकात ती एका परिच्छेदात उरकली होती, फ्रँकलिनच्या बालपणाला मात्र तीन प्रकरणं!

नकाशा नसेल तर सरळ खाली ठेवा.

मग मोहिमेतल्या लोकांनी व्हिक्टरी पॉइंट या किनाऱ्यावर मागे ठेवलेल्या चिठ्ठीचं पान काढा. त्या कागदावर १८४७ मध्ये ‘सर्व ठीक’ लिहिलंय, आणि त्याच कागदाच्या समासात १८४८ ची भर आहे: फ्रँकलिन वारला, जहाजं सोडली, १०५ जण उरलेत. लेखक हा कागद नीट वाचून दाखवतो, की ‘त्या रात्री त्याच्या मनात काय आलं असेल’ हे रंगवत बसतो? माझ्यावाल्याने रंगवलं होतं. पुस्तक कधीचं आहे तेही पाहा. मोहिमेचं बुडालेलं ‘एरेबस’ जहाज २०१४ ला सापडलं, दुसरं, ‘टेरर’, २०१६ ला.

तरी फसलातच, तर संदर्भसूचीत पेन्सिलने मूळ रोजनिशा, पत्रं यांवर खुणा करा. मला तिथे सात नावं मिळाली. पुढचं वाचन त्यांतूनच चाललंय.