एचपी प्राइम: टचस्क्रीन ग्राफिंग कॅल्क्युलेटर घ्यायचा का, आणि घेतलाच तर वापरायचा कसा

मी पुण्यात अकरावी-बारावीच्या आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रमाच्या) मुलांना मॅथ्स शिकवतो आणि दरवर्षी उन्हाळा संपत आला की कोणाचे ना कोणाचे आईबाबा विचारतातच, की सर, तो टचस्क्रीनवाला कॅल्क्युलेटर घेऊ का, मावशी अमेरिकेतून येतेय, तिला आणायला सांगतो. तर एकदाच नीट लिहून टाकतो. मी स्वतः एचपी प्राइम वापरतो, मला तो मनापासून आवडतो, पण तो सगळ्यांसाठी नाहीये आणि नीट शिकला नाही तर फार मनस्ताप देतो.

आधी परीक्षेचं बोलू, कारण पैसे वाया जातात ते इथेच. आपल्याकडे बारावी बोर्ड, सीईटी, जेईई, नीट यातल्या कुठल्याही परीक्षेला स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. गेटला स्क्रीनवरच साधा सायंटिफिक मिळतो. इंजिनिअरिंगच्या पेपरांना बहुतेक ठिकाणी नॉन-प्रोग्रामेबलच चालतो, म्हणजे तिथे कॅसिओचा ९९१ बास झाला. अमेरिकेच्या एसीटी परीक्षेत कॅसवाले, म्हणजे अक्षरांची बीजगणितंही सोडवणारे, कॅल्क्युलेटर चालत नाहीत आणि सॅटनेही ऑगस्ट २०२५ पासून ते बंद केलेत (तिथे डेस्मॉस नावाचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच मिळतो, तो मस्त आहे). आयबीत ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतोच, पण कॅस बंद करून. तर शाळेच्या को-ऑर्डिनेटरकडून त्या वर्षीची मंजूर मॉडेल्सची यादी बघा आणि मगच मावशीला फोन करा.

कॅस म्हणजे कॉम्प्युटर अल्जेब्रा सिस्टिम. साधा कॅल्क्युलेटर आकडे काढतो, कॅस अक्षरांशी खेळतो. फॅक्टर करतो, इंटिग्रेशन करून फंक्शनच देतो, समीकरण सोडवून वर्गमूळ वर्गमूळच ठेवतो. प्राइम २०१३ साली आला आणि त्यातलं कॅसचं इंजिन फ्रान्समधल्या ग्रेनोबल विद्यापीठाच्या बर्नार्ड पारिस यांच्या जियाक नावाच्या सॉफ्टवेअरवर आधारलेलं आहे. तेच इंजिन एक्सकॅस नावाने पीसीवर फुकट मिळतं. म्हणजे कॉलेजात गेल्यावर लॅपटॉपवरही बऱ्याच कमांड्स ओळखीच्या वाटतात, हा फायदा कोणी सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. ही कळली तर प्राइम आवडेल, नाही कळली तर महिनाभरात ड्रॉवरमध्ये जाईल. प्राइम हा एक कॅल्क्युलेटर नाहीये, एका डबीत दोन आहेत. एक होम आणि एक कॅस, दोघांची वेगवेगळी बटणं आहेत. होममध्ये ८ चं वर्गमूळ काढलं की २.८२८४२७१२४७५ येतं, कॅसमध्ये तेच केलं की २ रूट २ येतं. होममध्ये १ भागिले ३ केलं तर बारा आकडी दशांश, कॅसमध्ये एक तृतीयांशच राहतो. कॅसमध्ये दशांश हवा असेल तर शिफ्ट दाबून एंटर. आणि कॅसमध्ये तुम्हीच ०.५ असं दशांशात टाइप केलंत तर तोही अंदाजे उत्तरावर उतरतो, म्हणून अचूक उत्तर हवं असेल तर १ भागिले २ असंच लिहायची सवय लावा.

याच दोन घरांच्या सीमेवर सगळ्यात जास्त मुलं अडकतात. होममध्ये कॅपिटल ए पासून झेडपर्यंतची अक्षरं म्हणजे आकडे साठवायचे डबे आहेत, आणि त्या डब्यांत कायम काहीतरी असतंच, काही ठेवलं नसेल तर शून्य. तर मुलगा कॅसमध्ये जातो, समीकरण सोडवायच्या सॉल्व्ह कमांडमध्ये कॅपिटल एक्स टाकतो, कॅल्क्युलेटर त्या एक्सच्या जागी शून्य घालून बसतो आणि एरर येतो किंवा भलतंच उत्तर येतं, आणि मुलाला वाटतं मशीन बिघडलं. मशीन ठीक आहे. कॅसमध्ये कायम स्मॉल एक्स वापरायचा, व्हेरिएबलचं जे बटण आहे ते कॅसमध्ये स्मॉल एक्सच देतं, तेच वापरा, अक्षरांचं बटण दाबत बसू नका. याउलट फंक्शन ॲपमध्ये ग्राफसाठी लिहिताना तिथे कॅपिटल एक्स असतो.

दुसरं असं की कॅसमध्ये कधीतरी तुम्ही एक्सला ५ ही किंमत देऊन ठेवता आणि विसरता, मग चार दिवसांनी साधं वर्गसमीकरण सुटत नाही. पर्ज कमांड लिहून कंसात एक्स टाका, डबा रिकामा होतो. मी तर नवीन गणित सुरू करायच्या आधी हात जातो म्हणूनच पर्ज करतो. आणि एक्सवर्ग अधिक १ बरोबर शून्य याला उत्तर येत नसेल तर घाबरू नका, कॅस सेटिंग्जमध्ये कॉम्प्लेक्सला टिक नाहीये एवढंच.

घरी आणल्यावर पहिल्या संध्याकाळी काय करायचं ते सांगतो. पूर्ण चार्ज करा, मायक्रो यूएसबीची केबल लागते, आता घरात सगळ्या टाइप-सी झाल्यात तेव्हा ती जुनी जपून ठेवा. मग शिफ्ट आणि होम दाबून सेटिंग्जमध्ये जा आणि कोन बघा, सुरुवातीला रेडियन असतं. टेस्ट सोपी आहे, साइन ३० काढा. ०.५ आलं तर डिग्री, उणे ०.९८८ आलं तर रेडियन. नुसतं होमच्या सेटिंगमध्ये बघून थांबू नका, शिफ्ट आणि कॅस दाबून कॅसचंही बघा, आणि प्रत्येक ॲपमध्ये शिफ्ट आणि सिंब दाबलं की त्या ॲपपुरता वेगळा कोन लावता येतो तोही बघा. मी एकदा भरवर्गात साइनचा ग्राफ काढायला गेलो आणि लाटेच्या जागी जवळजवळ सपाट रेषा आली, सगळी मुलं माझ्याकडे बघताहेत. झालं होतं असं की ॲप डिग्रीत होतं आणि विंडो उणे १६ ते १६, सोळा अंशांत साइन चढून चढून चढणार किती! तेव्हापासून ग्राफच्या आधी कोन बघतो. स्क्रीनच्या वर उजव्या कोपऱ्यात टॅप केलं तरी कोन आणि बॅटरी एका नजरेत दिसते.

मग ग्राफ. सिंब, प्लॉट, नम ही तीन बटणं म्हणजे या यंत्राचा कणा, एकच गोष्ट तीन तऱ्हेने: सूत्र, चित्र, टेबल. ॲप्समधून फंक्शन ॲप उघडा, सिंबमध्ये पहिल्या ओळीत एक्सचा घन वजा ४ एक्स लिहा, प्लॉट दाबा. बोटाने ओढलं की ग्राफ सरकतो, दोन बोटांनी चिमटीत धरून फाकवलं की मोठा होतो, आणि चिमटी आडवी धरली की आडवाच ताणला जातो, उभी धरली की उभाच. ही गोष्ट बटणांवरच्या कॅल्क्युलेटरवर विंडोचे चार आकडे टाइप करून करावी लागते आणि मुलं तिथेच कंटाळतात. इथे मुलगा बोटाने ग्राफ फिरवता फिरवता स्वतःच विचारतो की सर, अजून बाहेर गेलं तर हा परत खाली येईल का. माझ्या दृष्टीने टचस्क्रीनची सगळी किंमत या एका प्रश्नात वसूल होते.

मग खाली मेनूवर टॅप करून एफसीएनमध्ये जा. रूट घेतलं की कर्सरच्या जवळचं मूळ मिळतं, म्हणजे कर्सर कुठे आहे त्यावर उत्तर ठरतं, उणे २ हवं असेल तर आधी तिकडे टॅप करा. एक्स्ट्रिममने साधारण १.१५४७ वर तळ सापडेल, उंची उणे ३.०७९. आता साइन्ड एरिया घ्या, ० पासून २ पर्यंत. उत्तर उणे ४ येतं. इथे मुलं हमखास चुकतात, कारण पेपरात क्षेत्रफळ विचारलेलं असतं आणि क्षेत्रफळ उणे नसतं, ग्राफ अक्षाच्या खाली आहे म्हणून चिन्ह आलंय. कॅल्क्युलेटरने नावातच साइन्ड म्हटलंय, वाचायचं आपण. उणे २ ते २ घेतलं तर वरचं आणि खालचं एकमेकांना खाऊन शून्य येईल, खरं क्षेत्रफळ मात्र ८ आहे. हा एक प्रयोग मी प्रत्येक बॅचला करायला लावतो.

वर्तुळ, लंबवर्तुळ किंवा असमानता काढायची असेल तर फंक्शन ॲप नको, ॲडव्हान्स्ड ग्राफिंग घ्या, तिथे एक्सवर्ग अधिक वायवर्ग बरोबर २५ जसंच्या तसं लिहिता येतं. थ्रीडीचं ॲप आहे, त्यात एक्सवर्ग वजा वायवर्ग टाकून बोटाने फिरवा, घोड्याचं खोगीर दिसतं, सॅडल पॉइंट फळ्यावर समजावून माझा घसा बसला होता. जिऑमेट्री, स्टॅटिस्टिक्स, स्प्रेडशीट, फायनान्स हे सगळंही आहे आणि ठीकठाक आहे. पायथन २०२१ मध्ये अपडेटमधून आलं, ते मायक्रोपायथन म्हणजे पायथनची छोटी आवृत्ती आहे, नमपायसारख्या मोठ्या लायब्ररी मिळणार नाहीत. लूप शिकायला छान.

हेल्प बटणाची मात्र सवय लावाच. टूलबॉक्समध्ये कुठल्याही कमांडवर थांबून हेल्प दाबलं की ती कशी लिहायची आणि एखादं उदाहरण समोर येतं. मी अर्धा प्राइम तिथूनच शिकलो.

टाइप करताना मात्र टचच्या मागे लागू नका. माझा नियम एवढाच की बघायचं ते बोटाने, लिहायचं ते बटणांनी. स्क्रीन साडेतीन इंची, ३२० बाय २४० पिक्सेल, त्यात बारीक मेनू, आपलं बोट जाडं, मग शेजारचाच पर्याय लागतो. मेनूत प्रत्येक पर्यायाला नंबर असतो, तो नंबर दाबणं जास्त जलद. ट्रेस करताना, म्हणजे ग्राफवरून कर्सर फिरवताना, बोट लागून ग्राफ सरकतो हे तर रोजचं, तेव्हा बाणाची बटणं वापरा. आणि स्क्रीन मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह आहे, पेनाचं टोपण किंवा नख चालत नाही, घामट बोटांनी परीक्षेत तो हट्टीपणा करतो, रुमाल जवळ ठेवा.

बाकी उणिवा. आत लिथियम बॅटरी आहे, चार्ज करावी लागते, आणि संपली की दुकानातून पेन्सिल सेल आणून घालता येत नाहीत. टीआय (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीच्या टीआय-८४ प्लसला ते सुख आहे. महिनोन् महिने पडून राहिला तर उतरलेला सापडतो, म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री चार्जिंगला लावणं हे हॉल तिकिटाच्या बरोबरीने लिहून ठेवा. मेमरी कार्डाची सोय नाही, एचपीच्याच आधीच्या ५०जी या कॅल्क्युलेटरला होती. एचपीची जुनी आरपीएन पद्धत (आधी आकडे, मग अधिक-उणेचं चिन्ह) आवडणाऱ्यांना होममध्ये ती मिळते पण कॅसमध्ये नाही, तेव्हा ५०जी वरून येणाऱ्यांची निराशा होते. कॅस फक्त उत्तर देतो, पायऱ्या दाखवत नाही, आणि आयबीत मार्क पायऱ्यांना असतात! आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे आपल्याकडे शाळेत तो दुसऱ्या कोणाकडे नसतो, बहुतेक वर्ग टीआय किंवा कॅसिओवर चालतो, शिक्षक बटणं सांगतात ती तुमच्या मशीनवर नसतात. स्वतः शोधून शिकायची तयारी असलेल्या मुलालाच घेऊन द्या.

एक्झाम मोडचा सराव घरी करा. सेटिंग्जमध्ये तो आहे, तिथून कॅस बंद करता येतं, पासवर्ड लागतो आणि वरच्या कडेचा दिवा लुकलुकतो म्हणजे सुपरवायझरला लांबून कळतं. त्यात मेमरी पुसायचाही पर्याय आहे, त्यावर टिक असेल तर तुमचे प्रोग्रॅम गेले, म्हणून आधी एचपीच्या कनेक्टिव्हिटी किट या सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरवर बॅकअप घ्या. मध्येच हँग झाला तर ऑन आणि सिंब एकत्र दाबा, तेही नाही जमलं तर मागे पिनचं भोक आहे.

दुसरे पर्याय विचाराल तर कॅसिओचा क्लासपॅड, तोही टचस्क्रीन आणि कॅसवाला, स्क्रीन उभा आणि बराच मोठा, समीकरण ओढून ग्राफवर सोडता येतं, शिवाय पेन्सिल सेलवर चालतो. टीआय-एनस्पायरला टचपॅड आहे, टचस्क्रीन नाही, हे ऑनलाइन जाहिरात वाचताना लोक गफलत करतात.

विकत घ्यायच्या आधी पीसीवरचा व्हर्च्युअल प्राइम फुकट उतरवून पंधरा दिवस वापरा, तो जवळजवळ तंतोतंत तसाच आहे, फक्त चिमटीऐवजी माउस. आणि सेकंडहँड मिळत असेल, अमेरिकेतून परतलेल्या मुलांकडे असतात, तर हेल्पमधल्या अबाउट पानावर हार्डवेअर व्हर्जन बघा. ए किंवा सी म्हणजे जुना जी१, ३२ एमबी रॅमवाला, डी म्हणजे २०१८ चा जी२, २५६ एमबी रॅमवाला आणि बराच चपळ. किंमत फार वेगळी नसेल तर जी२च घ्या. मागचं झाकण उघडून बॅटरी फुगलीय का तेही बघा, ग्राफ उघडून बोट चारही कोपऱ्यांपर्यंत ओढून बघा कुठे टच मेलाय का, आणि शिफ्टचं बटण वीसेक वेळा दाबा, सगळ्यात जास्त तेच वापरात असतं.