जुन्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची दुरुस्ती: सिलिंडर आणि घोड्याचा मेळ कसा बसवावा

हे मार्गदर्शन १८७३ मध्ये आलेल्या कोल्ट 'सिंगल ॲक्शन आर्मी'च्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरसाठी आहे, ज्यात घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि चाप फक्त तो सोडतो. शस्त्र कायदेशीररीत्या आपले आहे आणि सिलिंडरची सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केलेली आहे, असे गृहीत धरतो.

मूठ, मागची चौकट, मुख्य स्प्रिंग आणि आतले भाग याच क्रमाने सोडवावेत. स्क्रूच्या खाचेत अगदी घट्ट बसणारा, समांतर कडांचा पेचकस वापरावा. गंजलेल्या स्क्रूवर गंज सैल करणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. चाप आणि खिट्टी (सिलिंडरला जागेवर अडवणारा भाग) या दोन्हींना ताण देणारी दुहेरी पट्टीची स्प्रिंग बहुधा तुटलेलीच निघते. ती बदलावी, वाकवून जुळवू नये.

खरी परीक्षा मेळ बसवताना होते आणि माझाही सर्वांत जास्त वेळ इथेच गेला आहे. घोडा मागे येताना एक पंजा सिलिंडरच्या मागच्या दात्यांना ढकलून ते फिरवतो, आणि खालून खिट्टी वर येऊन सिलिंडरवरच्या खाचेत बसते. घोडा पूर्ण मागे अडकतो त्याच क्षणी खिट्टीही खाचेत बसली पाहिजे. हे तपासण्यासाठी सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अत्यंत सावकाश ओढावा. झटक्याने ओढल्यास सिलिंडर स्वतःच्या वेगाने पुढे जाते आणि झिजलेला पंजाही निर्दोष वाटतो. ही तपासणी प्रत्येक घरावर करावी, कारण दाते सारखे झिजत नाहीत.

घोडा अडकूनही सिलिंडर खाचेपर्यंत पोहोचत नसेल, तर पंजा आखूड झाला आहे. तो ठोकून लांब करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; मला तो मान्य नाही, कारण ठोकलेले टोक पातळ होते आणि पुन्हा लवकर झिजते. नवा पंजा मुद्दाम थोडा लांब मिळतो. तो बसवल्यावर घोडा पूर्ण मागे येण्याआधीच अडखळेल. तेव्हा त्याचे टोक बारीक दगडावर दोन-तीन वेळा घासावे, पुन्हा जोडून पाहावे आणि पुन्हा घासावे. कंटाळवाणे आहे, पण घासून गेलेले पोलाद परत येत नाही.

सिलिंडरभोवती सलग गोल ओरखडा दिसत असेल, तर खिट्टी खाचेच्या बऱ्याच आधी वर येत आहे, आणि तिचा घोड्यावरील उंचवट्यावर चढणारा पाय झिजला असेल तर नवी खिट्टी लागते. उलट ती उशिरा वर येत असेल, तर त्या पायाची तिरकी कड अगदी किंचित घासावी. सिलिंडरच्या खाचांना मात्र कानस लावूच नये.

याहून ठाम इशारा घोड्यावरील खाचांबाबत, म्हणजे चापाचे टोक ज्यांत अडकते त्या खाचांबाबत आहे. चाप हलका करण्यासाठी त्या घासा, असे कोणी सांगितले तर त्याचे पुढचे काहीच ऐकू नये. त्या भागाचा कठीण थर पातळ असतो. तो गेला की खाली मऊ पोलाद उरते आणि घोडा चाप न ओढता सुटू शकतो. झीज दिसली तर घोडा बदलावा किंवा बंदुकांच्या कारागिराकडे द्यावा.

जोडणी उलट क्रमाने, तेल नाममात्र. मग घोडा पूर्ण मागे घेऊन, चापाला हात न लावता, तो अंगठ्याने पुढे दाबावा. सुटला तर काम अपुरे आहे.

गोळी झाडण्याआधी नळी आणि सिलिंडरची घरे एका रेषेत येतात का, हे कारागिराकडून मापून घ्यावे. एकोणिसाव्या शतकातील रिव्हॉल्व्हर काळ्या दारूसाठी बनलेली असल्याने त्यात आधुनिक धूररहित दारूची काडतुसे घालू नयेत. आणि दुरुस्ती कितीही चांगली झाली तरी पाचच काडतुसे भरावीत व घोडा रिकाम्या घरावर ठेवावा, कारण या रचनेत घोड्याची टाचणी थेट काडतुसावर टेकते.